जीव नेमका कशाला घाबरतो?

श्वास रोखून धरण्याची पैज लहानपणी बहुतेकांनी लावलेली असते. विहिरीत बुडी मारून, नाहीतर घरातच नाक दाबून. पहिली वीस-पंचवीस सेकंदं काही वाटत नाही. मग छाती दाटून येते, पोटाचे स्नायू आपसूक झटके देऊ लागतात, कानशिलं तापतात आणि मिनिटाच्या आगेमागे कधीतरी तोंड उघडतं. पैज कितीची होती, समोर कोण बघत होतं, याचा त्या क्षणी काही उपयोग नसतो.

जगण्याची ओढ म्हणतात ती हीच, असं आपल्याला वाटतं. पुराणकथांपासून सिनेमापर्यंत ती एखाद्या सर्वज्ञ शक्तीसारखी रंगवली जाते. मरण जवळ आलं की ही शक्ती जागी होते आणि माणसाला खेचून बाहेर काढते. शरीरात शोधायला गेलं तर अशी एकसंध शक्ती कुठे सापडत नाही. सापडतात ते सुटे सुटे राखणदार. तापल्या तव्याला बोट लागलं की हात मागे घेणारा एक राखणदार पाठीच्या कण्यात बसलेला असतो. चटका मेंदूला कळायच्या आत तो आपलं काम उरकतो. कड्याच्या टोकावरून खाली पाहिलं की पाय मागे ओढणारा दुसरा. यांतल्या कुणालाच ‘मरण’ ठाऊक नाही. प्रत्येकाला एकेक खूण तेवढी नेमून दिलेली आहे. ती दिसली की आरडाओरडा करायचा, एवढंच त्याला येतं. खूण आणि धोका बरोबरीने येतात तोवर सगळं ठीक चालतं. त्यांची फारकत झाली की काय होतं, हे श्वासाच्या राखणदाराइतकं उघडपणे दुसरा कुणी दाखवत नाही.

गुदमरताना जीव घाबरा का होतो? ‘ऑक्सिजन कमी पडतो म्हणून’ असंच उत्तर बहुतेकजण देतील. ते उत्तर चूक आहे, आणि या चुकीने आजवर बरेच जीव घेतले आहेत.

१९०५ साली ऑक्सफर्डमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली या दोघांनी याचा छडा लावला. लांब नळीत जोराने श्वास सोडायचा आणि अगदी शेवटी बाहेर पडणारी, म्हणजे फुफ्फुसाच्या तळाची हवा तपासायची, अशी त्यांची साधी पद्धत होती. ही हवा त्यांनी ऑक्सफर्डमध्ये तपासली, स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावर तपासली आणि कॉर्नवॉलमधल्या डॉलकोथच्या खोल खाणीत उतरूनही तपासली. हवेचा दाब तिन्ही ठिकाणी वेगळा, त्यामुळे ऑक्सिजनचा दाबही वेगळा. फुफ्फुसातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब मात्र सगळीकडे जवळपास तेवढाच भरला. शरीर डोळ्यांत तेल घालून सांभाळत होतं ते कार्बन डायऑक्साइडला. फुफ्फुसात त्याचं प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास वाढलं तरी श्वसन दुप्पट होत होतं. ऑक्सिजनमधल्या तेवढ्याच फरकाची दखलही घेतली जात नव्हती.

हॉल्डेन हा माणूसही नमुनेदार होता. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की तो तिकडे जाऊन कामगार नेमके कशाने मेले ते शोधत असे. वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या १८९६ च्या दुर्घटनेनंतर त्याने दाखवून दिलं, की बहुतेकांना स्फोटाने मारलेलंच नव्हतं. मारलं होतं ते नंतर बोगद्यांत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. विषारी वायूंचे प्रयोग तो स्वतःवर करी, आणि वेळ पडली तर घरच्यांवरही. आपल्या लहान मुलाला खाणीत नेऊन, छताशी मिथेन साचलेल्या जागी उभं करून त्याने शेक्सपिअरचं भाषण म्हणायला लावल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. थोड्याच ओळींत मुलाचे पाय लटपटले, तो खाली पडला आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत पुन्हा ठीक झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हा धडा तो जन्मभर विसरला नाही. हा मुलगा म्हणजे पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले आणि भुवनेश्वरला वारलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन.

आता ही यंत्रणा चालते कशी, ते पाहू. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, काही पेशी या आम्लतेवर पाळत ठेवून असतात. ती जराशी वाढली की श्वास वाढतो, आणि श्वास वाढवायला वाव नसेल तर ‘कोंडतंय, कोंडतंय’ अशी बोंब उठते. ऑक्सिजनसाठीही राखणदार आहेत. गळ्यात दोन्ही बाजूंना मुख्य रोहिणी जिथे दुभंगते तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन गाठी असतात, कॅरॉटिड बॉडी नावाच्या. त्यांचं काम उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण या गाठी उशिरा जाग्या होतात, रक्तातला ऑक्सिजन बराच खाली गेल्यावर. जाग्या झाल्या की त्या श्वासाचा वेग वाढवतात. वाढलेल्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, आणि त्यामुळे बोंब मारणारा मोठा राखणदार उलट शांत होतो. थोडक्यात, ऑक्सिजन घटत चाललेल्या माणसाला गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही.

राखणदार किती वरवर बघतो, याचा एक मजेदार पुरावा वॉर्ड फाउलर या संशोधकाने १९५४ मध्ये दिला. त्याने लोकांना श्वास रोखायला लावलं. अगदी असह्य झाल्यावर त्यांना श्वास घेऊ दिला, पण ताज्या हवेत नाही. ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर अशा पिशवीतल्या हवेत. त्या हवेने रक्ताची अवस्था सुधारण्यासारखी नव्हती. तरीही लोकांना हायसं वाटलं आणि ते आणखी काही वेळ श्वास रोखू शकले. छाती हलली, एवढ्यावरच राखणदाराची समजूत पटली होती.

प्राणायाम करणाऱ्यांना या राखणदाराशी वाटाघाटी करता येतात हे फार पूर्वीपासून माहीत आहे. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांची प्रयोगशाळेत उपकरणं लावून तपासणी आरंभली, तीही याच कुतूहलापोटी. सरावाने माणूस बोंबेकडे दुर्लक्ष करायला शिकतो. गुरूच्या देखरेखीखाली, जमिनीवर बसून केलं तर त्यात वावगं काही नाही. पाण्यात मात्र हीच गोष्ट घात करते. बुडी मारण्यापूर्वी दहा-वीस जोरजोरात श्वास घ्यायचे, म्हणजे छातीत ‘जास्त ऑक्सिजन’ भरला जातो, असा पोहणाऱ्या पोरांचा समज असतो. प्रत्यक्षात निरोगी माणसाचं रक्त आधीच ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. त्यात आणखी फारसं मावत नाही. त्या श्वासांनी फक्त कार्बन डायऑक्साइड हाकलला जातो. बोंब उशिरा उठते, आणि ती उठण्याआधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते, तीही पाण्याखाली. चांगला पोहणारा मुलगा ‘काही कारण नसताना’ बुडाला अशा बातम्या येतात, तेव्हा हे कारण तपासायला हवं. भोवऱ्याच्या आणि आसरांच्या गोष्टी सांगून आपण ते टाळत आलो आहोत.

पाण्याइतकंच आकाशही याला साक्षी आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ या बलूनमधून तिघे फ्रेंच वर गेले: गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल. उंचीवर हवा विरळ होते हे त्यांना माहीत होतं. ऑक्सिजनमिश्रित हवेच्या पिशव्या त्यांनी सोबत घेतल्या होत्या, लागतील तेव्हा तोंडाला लावायच्या म्हणून. शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी हा साठा अपुरा असल्याचं पत्र पाठवलं होतं. ते पोहोचलं तेव्हा उशीर झाला होता. तरी मला वाटतं, खरी चूक साठ्याची नव्हती. ‘लागेल तेव्हा’ या शब्दांत ती होती. लागलं कधी, ते त्यांना कळलंच नाही. आठ हजार मीटरच्या सुमाराला तिसांदिएला नळी उचलावीशी वाटली, तर हात हलेना. आपण केवढे उंच आलो हे सोबत्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, तर जीभ वळेना. त्रास म्हणून काही नव्हता. उलट एक प्रकारचा आनंद आणि निश्चिंती वाटत होती, असं त्याने नंतर लिहून ठेवलं. बलून ८,६०० मीटरपर्यंत गेल्याचं नोंदलं गेलं. खाली आला तेव्हा तिसांदिए एकटाच जिवंत होता, आणि त्याची श्रवणशक्ती गेली होती.

आपल्या पिढीला हे समजायला बलूनची गरज नाही. २०२० आणि २०२१ ची ती कोविडची वर्षं आठवा. घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता आणि सकाळ-संध्याकाळ आकडे व्हॉट्सॲपवर जात होते. डॉक्टरांना गोंधळात टाकणारे रुग्ण तेव्हाच दिसले. ऑक्सिजन ८० च्या खाली, आणि माणूस खाटेवर बसून फोनवर बोलतोय, ‘मला काही होत नाही’ म्हणून दवाखान्यात यायला नकार देतोय. न्यूमोनियाने ऑक्सिजन आत येण्याची वाट अडवली होती, पण कार्बन डायऑक्साइड सहज झिरपणारा वायू असल्याने तो अजून ठीक बाहेर पडत होता. मोठा राखणदार त्यामुळे गप्प होता. त्याची उणीव प्लास्टिकच्या त्या चिमट्याने भरून काढली. नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली होती. ते वारले एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग त्यांचं यंत्र शोधत फिरत होतं तेव्हा.

राखणदार गप्प बसतो तसा तो उगाच ओरडूही शकतो. बंद लिफ्टमध्ये किंवा भरल्या लोकलमध्ये काहींना अचानक श्वास कोंडल्यासारखं होतं, आता मरतो की काय असं वाटतं, तपासणीत मात्र काही निघत नाही. हवा पुरेशी असताना गुदमरण्याची घंटा चुकून वाजते, असा सिद्धांत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये मांडला. त्याला पुष्टी देणारी एक गोष्ट अगदी वेगळ्या दिशेने पुढे आली. अमेरिकेत एक बाई आहेत, वैद्यकीय लिखाणात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या. एका दुर्मिळ आजारात त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंनी नष्ट झाला. भीतीचं केंद्र म्हणून याच भागाचं नाव घेतलं जातं, आणि एस. एम. खरोखरच कशाला भीत नसत. सापांना हात लावायला त्या उत्सुक. मानेला चाकू लावणाऱ्या माणसासमोरही शांत. ज्या बागेत हे घडलं तिथून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत गेल्या. २०१३ मध्ये संशोधकांनी त्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला. अपेक्षा अशी, की यालाही त्या दाद देणार नाहीत. झालं उलटंच. त्या हातवारे करत मुखवटा ओढू लागल्या. मदत मागू लागल्या. तसाच आजार असलेल्या जुळ्या बहिणींचीही तीच गत झाली. साप, चाकू, अंधार यांची भीती मेंदू डोळ्या-कानांनी गोळा करतो. श्वासाची भीती आतून, वेगळ्याच दाराने येते, आणि ते दार अमिग्डालाच्या ताब्यात नाही.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे असं वाटत असेल तर सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवावीत. नदीकाठच्या मातीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी निकामी केली. पेव बंद केलं की आतले किडे आणि माल यांच्याच श्वसनाने ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. कीड मरते, माल राहतो. ज्या हवेत कीड जगत नाही त्या हवेत माणूसही जगत नाही, हे पेवात उतरणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून तोंड उघडल्यावर काही तास थांबायचं, कंदील सोडून बघायचा आणि मग उतरायचं अशी रीत. इथे राखणदार ओरडतो, नाही असं नाही. पण कार्बन डायऑक्साइड इतका दाट असतो, की ओरड ऐकून शिडीकडे वळेपर्यंत पाय गळालेले असतात.

गाळ काढायच्या विहिरी, गोबरगॅसच्या टाक्या, मैल्याचे चेंबर यांची तऱ्हा आणखी वाईट. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. प्रमाण वाढलं की वास घेणारी यंत्रणाच बधिर होते आणि ‘वास गेला, आता उतरू’ असं वाटतं. विहिरीत डिझेल इंजिन लावलेलं असेल तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि कंदीलही त्याच्याने विझत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. गळ्यातल्या त्या दोन गाठी मोजतात रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब, आणि तो तर ठीकच असतो. सामानच उतरवून घेतलेल्या मालगाडीचे डबे मोजून ‘सगळं बरोबर’ म्हणून शिक्का मारावा, तसा हा प्रकार. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर आणि थंडीत खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी याच वाटेने जीव घेतात.

अशा बातम्यांत एक ओळ ठरलेली असते: आधी एक उतरला, तो का येईना म्हणून भाऊ उतरला, मग शेजारचा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा मेलेल्यांत साठ टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले होते. माणूस स्वतःचा जीव आधी बघतो, हे विधान या आकड्यापुढे टिकत नाही. डोळ्यांसमोर तडफडणाऱ्या आपल्या माणसाची हाक तिथे सगळ्यात मोठी ठरते, आणि तिला अडवणारी आतली ओरड उठलेलीच नसते. भारतात २०१३ च्या कायद्याने गटारात, सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्याला बंदी घातली. माणसं तरी मरताहेत, आणि ती कुठल्या वस्त्यांमधली असतात ते आपल्याला माहीत आहे. दोष सहजप्रेरणेचा नाही; ज्याने दोर, पंखा आणि वायूमापक न देता उतरवलं त्याचा आहे.

जिथे निसर्गाने राखणदार दिला नाही तिथे माणसाने तो बसवलाही आहे. हॉल्डेनच्या सांगण्यावरून खाणीत पिंजऱ्यातले पक्षी जाऊ लागले. छोट्या जिवाची चयापचयाची गती जास्त, म्हणून विषाचा परिणाम त्याच्यावर आधी दिसतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्ष्यांची सुट्टी झाली ती थेट १९८६ मध्ये. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा तो उग्र वासही गॅसचा नाही. मुळात बिनवासाच्या गॅसमध्ये तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा आहे. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी न कळत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास मुलं-माणसं गेली, त्यानंतर असा वास मिसळणं सक्तीचं होत गेलं.

मग उत्क्रांतीने ऑक्सिजनचाच पक्का राखणदार का नेमला नाही? कारण जमिनीवरच्या प्राण्याला त्याची गरज क्वचितच पडली. नाक-तोंड दाबलं गेलं, बिळात माती ढासळली, पाण्यात बुडालो, की ऑक्सिजन कमी होणं आणि कार्बन डायऑक्साइड वाढणं या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. एकीवर नजर ठेवली की दुसरीचंही काम भागतं. शिवाय रक्ताची आम्लता सांभाळायची तर कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवावीच लागते. ऑक्सिजन एकटाच घटतो तो फक्त उंच डोंगरावर, आणि तिथे माणूस हळूहळू चढतो. माशांचं उलट आहे. पाण्यातला ऑक्सिजन तासागणिक बदलतो, म्हणून त्यांचं श्वसन मुख्यतः ऑक्सिजनच्या तालावर चालतं. सील तर आपल्यासारखाच फुफ्फुसांचा प्राणी. पण त्याचं पोट बुडी मारण्यावर. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २०२५ मध्ये करड्या सीलना वेगवेगळ्या मिश्रणाची हवा देऊन पाहिली. ऑक्सिजन कमी-जास्त केला की बुडीचा वेळ त्याप्रमाणे कमी-जास्त झाला. कार्बन डायऑक्साइड भरमसाट वाढवला तरी त्यांना फरक पडला नाही. पाण्यातला धंदा पत्करल्यावर त्यांनी राखणदार बदलून घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

आपण आकाशातला धंदा पत्करून जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली आहेत. विमान सुटण्यापूर्वी हवाई सुंदरी सांगते, आधी स्वतःचा मास्क लावा आणि मग मुलाचा. कुठल्याही आईला हे ऐकायला स्वार्थी वाटतं. पण ३५,००० फुटांवर केबिनचा दाब गेला तर भानावर राहायला अर्धं ते एक मिनिट मिळतं, आणि त्या वेळात काही बिघडल्यासारखं वाटतही नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिऑसच्या विमानात दाबाचं बटण चुकीच्या जागी राहिलं होतं. भोंगा वाजला, वैमानिकांना तो दुसऱ्याच बिघाडाचा वाटला. ते जमिनीवरच्या अभियंत्याशी बोलत राहिले आणि बोलता बोलता गप्प झाले. विमानातले सर्व १२१ जण गेले. लढाऊ वैमानिकांना विरळ हवेच्या बंद खोलीत बसवतात ते याच धोक्यासाठी. भारतीय हवाई दलाची अशी सोय बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत आहे. अशा प्रशिक्षणात मास्क काढायला सांगतात आणि साधी गणितं घालतात. कुणाची बोटं झिणझिणतात, कुणाला रंग फिके दिसतात, कुणाला उगाच हसू येतं. प्रत्येकाचं पहिलं लक्षण वेगळं असतं. आपलं कोणतं ते ज्याने त्याने ओळखून ठेवायचं, आणि काही वर्षांनी पुन्हा येऊन तपासून घ्यायचं.